चौथे धुराडे आणि चित्राखालची तारीख



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इतिहास आणि चित्रकला असे दोन्ही विषय शिकवीत असत. या दोन विषयांचे नाते आपण समजतो त्याहून जवळचे आहे. म्हणूनच आजच्या विवेचनासाठी मी एका जहाजाचे चित्र निवडले आहे. माझा विषय मराठी भाषा आणि साहित्य, आरमारशास्त्र नव्हे. परंतु जुन्या पोथ्यांचे पाठभेद तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला या चित्राचा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न मुलांचाच आहे. प्रदर्शनासाठी येथील काही विद्यार्थ्यांनी पहिल्या महायुद्धावरील तक्ते केले. त्यांत 'एमडन' या जर्मन युद्धनौकेची तीन चित्रे लागली आहेत. एकात ती पांढरीशुभ्र असून तिला तीन धुराडी आहेत. दुसऱ्यात ती राखी रंगाची आणि चार धुराड्यांची आहे. तिसऱ्यात तिला एकही धुराडे उरलेले नाही. 'यांतले खरे चित्र कोणते?' असे त्यांनी मला विचारले. तिन्ही खरी आहेत. उणीव एवढीच की एकाही चित्राखाली तारीख नाही.

गुडीहत्नूरहून समुद्र फार दूर आहे. मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू एकाच बाजारात बोलल्या जाणाऱ्या या भागात गलबत हा शब्द ऐकण्याचे प्रसंगही थोडेच. तथापि १९१४ साली निजामाच्या राज्यात असलेल्या या जिल्ह्याचा आणि त्या समुद्राचा संबंधच नव्हता असे मात्र नाही. येथल्या काळ्या जमिनीतला कापूस जगाच्या ज्या बाजारभावाने तोलला जात असे, तो भाव जहाजांच्या ये-जा करण्यावर ठरत होता. आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात बंगालच्या उपसागरातली ती ये-जा एका जहाजाने जवळजवळ थांबवली होती.

त्या जहाजाचे मूळ रूप प्रथम पाहू. 'एमडन' डान्झिगच्या शाही गोदीत बांधली गेली. २६ मे १९०८ रोजी ती पाण्यात उतरली आणि पुढच्या वर्षी आरमारात दाखल झाली. लांबी सुमारे ११८ मीटर, वजन साडेतीन हजार टनांहून थोडे अधिक, साडेदहा सेंटिमीटरच्या दहा तोफा, कोळशावर चालणारी यंत्रे. १९१० मध्ये ती चीनच्या किनाऱ्यावरील त्सिंगताओ या जर्मनांच्या ठाण्यावर आली. उष्ण समुद्रातल्या जर्मन नौकांप्रमाणे तिचेही अंग पांढरे आणि धुराडी फिकट पिवळसर रंगवलेली असत. तिच्या त्या देखण्या रूपावरून तिला 'पूर्वेचा हंस' म्हणत. पांढऱ्या एमडनचे चित्र त्या शांततेच्या वर्षांचे आहे.

युद्ध तोंडावर येताच हंसाला राखी रंग चढला. ३१ जुलै १९१४ रोजी कप्तान कार्ल फोन म्युलर तिला घेऊन त्सिंगताओहून निघाले. ४ ऑगस्टला त्यांनी 'रियाझान' हे रशियन जहाज पकडले. १४ ऑगस्टला मुख्य जर्मन ताफ्यापासून वेगळे होऊन, 'मार्कोमानिया' हे कोळशाचे जहाज सोबतीला घेऊन, एमडन एकटी हिंदी महासागराकडे वळली. पांढऱ्या एमडनने मद्रासवर तोफा डागल्याची चित्रे मी पाहिली आहेत. रंगाच्या एका हाताने इतिहास कसा बिघडतो याचा तो नमुना आहे. मद्रासचा हल्ला २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्रीचा. त्या वेळी जहाज राखी होते, आणि शोधदिव्यांच्या झोतात उजळले ते बर्मा ऑइल कंपनीचे तेलाचे हौद, जहाज नव्हे. किनाऱ्यावरच्या माणसांना दिसले ते झोत, तोफांच्या ज्वाळा आणि मग पेटलेले तेल. त्या रात्रीचे प्रामाणिक चित्र काढायचे तर कागदाचा बहुतेक भाग काळाच ठेवावा लागेल.

आता चौथे धुराडे. माझ्या मते या साऱ्या कथेचे मर्म तेथेच आहे, म्हणून तेथे जरा थांबतो.

समुद्रावर दोन जहाजे एकमेकांना प्रथम दिसतात ती क्षितिजावरच्या छायेसारखी. नाव वाचता येत नाही, निशाण ओळखता येत नाही. दिसतात फक्त डोलकाठ्या आणि धुराडी. म्हणून जगभरच्या युद्धनौकांच्या बाह्याकृती छापलेली पुस्तके कप्तानांच्या हाताशी असत. इंग्लंडमध्ये फ्रेड जेन यांनी असे पुस्तक १८९८ मध्ये प्रथम काढले आणि त्याची परंपरा पुढे चालू राहिली. त्या काळी जहाज ओळखायचे ते मुख्यतः धुराडी मोजून. पूर्वेकडच्या समुद्रात एमडनला ज्या ब्रिटिश क्रूझर भेटण्याचा संभव होता, त्यांची धुराडी दोन तरी असत किंवा चार. एमडनची मात्र तीन. म्हणजे तिचे चित्र हीच तिची जन्मखूण, आणि ती खूण शत्रूच्या प्रत्येक जहाजावर छापील स्वरूपात हजर.

एमडनचे दुय्यम अधिकारी हेल्मुट फोन म्युके यांनी यावर तोड काढली. लाकडी चौकटीवर कॅनव्हास ताणून त्यांनी चौथे धुराडे उभे केले, जेणेकरून दूरून पाहणाऱ्याला ती ब्रिटिशांची चार धुराड्यांची 'यार्मथ' वाटावी. पहिले धुराडे चपटे होते. बाजूने पाहिले तर चारही सारखी दिसत; समोरून किंवा मागून पाहिले की चौथे एखाद्या फळीसारखे बारीक होऊन जाई. तेव्हा त्याला गोलाई देऊन ते सुधारले गेले. हवे तेव्हा उभे करावे, नको तेव्हा उतरवून ठेवावे, अशी ती सोय होती. ऑगस्टअखेर बाली आणि लोंबोक या बेटांमधल्या सामुद्रधुनीतून एमडन हिंदी महासागराच्या बाजूला आली, आणि सप्टेंबरच्या आरंभी बंगालच्या उपसागरात शिरली.

चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी त्या चपट्या धुराड्याचा जरूर विचार करावा. आपण जहाजाचे चित्र बहुधा बाजूनेच काढतो, कारण त्या कोनातून सारे काही ओळीने मांडून दाखवता येते. ओळखपुस्तकातली चित्रेही तशीच होती. म्युके यांनी जे उभे केले ते खऱ्या धुराड्याची नक्कल नव्हतेच मुळी; ती त्या पुस्तकातल्या चित्राची नक्कल होती. चित्रावर विसंबणाऱ्याला चित्रानेच चकवले. आमच्या पोथ्यांच्या व्यवहारात याला तोड आहे. जुन्या कवीच्या नावावर नव्या ओव्या खपवणारा लेखक कवीची भाषा जाणतोच असे नाही. वाचकाच्या मनात त्या भाषेची जी ठरीव प्रतिमा असते, ती मात्र त्याला नेमकी ठाऊक असते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शिरकाव केलेले शब्द हेरायचे तर पोथी सर्व बाजूंनी पाहावी लागते. एका अंगाने पाहून ते काम होत नाही.

१० सप्टेंबरला 'इंडस' हे ब्रिटिश जहाज सापडले. दुसऱ्या दिवशी 'लोव्हाट'. ही दोन्ही जहाजे कलकत्त्याहून मुंबईकडे सैन्य आणायला निघालेली होती. पुढच्या तीन दिवसांत 'किलिन', 'डिप्लोमॅट', 'ट्रॅबॉक' आणि 'क्लॅन मॅथेसन' बुडाली. 'कॅबिंगा' पकडली गेली, पण तिच्यावर तटस्थ अमेरिकेचा माल असल्याने ती सोडून देण्यात आली. बुडवलेल्या जहाजांवरील माणसे आधी उतरवून घेण्याचा म्युलर यांचा शिरस्ता होता, आणि शत्रूच्या वृत्तपत्रांनीही त्यांच्या या वागणुकीची वाखाणणी केली. ती न्याय्यच होती. मात्र या सौजन्याच्या कौतुकात मद्रासला मेलेली माणसे विसरली जातात, हेही म्हटले पाहिजे. तेथे गोळे तेलाच्या हौदांवर पडले तसेच बंदरात उभ्या असलेल्या एका व्यापारी जहाजावरही पडले.

या आठवड्यांतले एमडनचे रूप काढताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. युद्धनौका म्हटली की आपण घासूनपुसून लख्ख केलेला डेक काढतो. प्रत्यक्षात डेकवर कोळशाचे ढीग होते, कारण पुढचा कोळसा कधी मिळेल याची शाश्वती नव्हती. पकडलेल्या जहाजांवरून आणलेली कोंबड्या-डुकरांसारखी जनावरे होती. 'इंडस'वर साबणाचा मोठा साठा हाती लागला, आणि जहाजावर साबणाची टंचाई असल्याने खलाशांना त्याचा विशेष आनंद झाला. म्हणजे डेकला आठवडी बाजाराची कळा आलेली. बाहेरून रंग उडालेला, गंज चढलेला. ९ ऑक्टोबरला दिएगो गार्सिया बेटावर एमडन थांबली. त्या एकाकी बेटावरच्या लोकांना युद्ध सुरू झाल्याची वार्ताच नव्हती. तेथे जहाज एका अंगावर कलते करून पाण्याखालचा भाग खरवडला, वर रंगाचा हात दिला, कोळसा भरला. तेव्हा ८ ऑक्टोबरची एमडन मळकट आणि ११ ऑक्टोबरची उजळ, एवढा बारीक फरकही चित्रात दाखवता येतो.

२८ ऑक्टोबरच्या पहाटे चौथे धुराडे उभारून एमडन पेनांग बंदरात शिरली. आतील पहारेकऱ्यांना ती आपल्याच पक्षाची वाटली. पाणतीर आणि तोफा यांच्या माऱ्याने रशियन क्रूझर 'झेमचुग' नांगरावरच बुडाली. बाहेर पडताना 'मुस्के' ही फ्रेंच विनाशिका आडवी आली, तीही बुडाली. कॅनव्हासच्या त्या नळकांड्याची सर्वांत मोठी किंमत त्या पहाटे मोजली गेली.

आणि बाराच दिवसांनी तेच नळकांडे उपयोगी पडेनासे झाले. ९ नोव्हेंबर १९१४ रोजी एमडन कोकोस बेटांपाशी आली. तेथील तारयंत्राचे ठाणे तिला मोडायचे होते. ठाण्यातल्या कर्मचाऱ्यांनी जहाज दूरून छायारूपात नव्हे, तर जवळून, सावकाश पाहिले. चौथे धुराडे कापडाचे आहे हे त्यांच्या ध्यानात आले. अनोळखी जहाज आल्याची वार्ता त्यांनी तारायंत्राने तत्काळ धाडली. ऑस्ट्रेलियाच्या सैन्याचा तांडा संरक्षणाखाली जवळूनच चालला होता. त्यातली 'सिडनी' ही क्रूझर धावून आली. ती वेगाने अधिक आणि तिच्या तोफा सहा इंची. एमडनच्या पहिल्या गोळ्यांनी सिडनीवर घाव केले खरे, पण पुढे सिडनीने अंतर राखले आणि एमडनच्या माऱ्याच्या पलीकडून तिला झोडपले. एमडनची पुढची डोलकाठी पडली, आणि एकामागून एक तिन्ही खरी धुराडी कोसळली. म्युलर यांनी जहाज नॉर्थ कीलिंग बेटाच्या खडकांवर चढवले. १३० हून अधिक खलाशी मृत्युमुखी पडले. मुलांच्या तक्त्यावरचे धुराड्यावाचूनचे चित्र या दिवसाचे. ते सांगाड्याचे अवशेष पुढे कितीतरी वर्षे त्या खडकांवर होते. १९५० च्या दशकात त्यातले बरेचसे लोखंड भंगार म्हणून काढून नेण्यात आले. एमडनची एक तोफ सिडनी शहरातल्या हाइड पार्कमध्ये आजही आहे.

ज्यांना हे सारे एका तक्त्यावर आणायचे आहे त्यांना मी एक पद्धत सुचवतो. जाड कागदावर एमडनची मूळ बाह्याकृती, बाजूने, एकदाच काळजीपूर्वक काढावी: नाळ, दोन डोलकाठ्या, तीन धुराडी, पाण्याची रेषा. त्यावर ट्रेसिंग पेपरचे तुकडे एका कडेला चिकटवून पुस्तकासारखे उलगडतील असे ठेवावेत. प्रत्येक तुकड्यावर त्या त्या तारखेला बदललेले तेवढेच काढावे. न बदललेले पुन्हा काढू नये. दर कागदाच्या कोपऱ्यात दिनांक आणि स्थळ. चौथ्या धुराड्याच्या कागदावर ते समोरून कसे दिसे याची एक छोटी आकृतीही असावी. आणखी एक सावधगिरी हवी. 'एमडन' हे नाव त्यानंतर दुसऱ्या जर्मन नौकांनाही दिले गेले. १९१६ ची आणि १९२५ ची एमडन निराळी, त्यांच्या आकृतीही निराळ्या. छापील पुस्तकांतूनही त्यांची छायाचित्रे सरमिसळ झालेली दिसतात.

चित्रात कोणाला बसवू नये हेही सांगितले पाहिजे. चेंपकरामन पिल्लै हे क्रांतिकारक एमडनवर होते आणि मद्रासच्या हल्ल्यात त्यांचा हात होता अशी दंतकथा दक्षिणेत प्रचलित आहे. ते त्या काळात युरोपात होते. जहाजावर असल्याचा पुरावा नाही. देशाभिमानाने सुचवलेली ओवीही प्रक्षिप्तच असते. एमडनची खरी खूण दक्षिणेत राहिली ती भाषेत: तमिळमध्ये 'एमडन' हा शब्द धूर्त, उलट्या काळजाच्या माणसासाठी रूढ झाला. मद्रास उच्च न्यायालयाच्या कुंपणभिंतीवर एक फलकही आहे. मुंबईकडे असे काही घडले नाही, कारण एमडन मुंबईला आलीच नाही.

मुंबईला आले ते दुसरे जहाज, आणि त्याचे चित्र काढणे एमडनहून कितीतरी अवघड आहे.

त्याचे नाव 'वुल्फ'. मुळात ते ब्रेमेनच्या हान्सा कंपनीचे 'वाख्टफेल्स' नावाचे मालवाहू जहाज. ही कंपनी आपल्या जहाजांना 'फेल्स' शेवटी येईल अशी नावे देई, आणि तिची जहाजे हिंदुस्थानच्या बंदरांत नित्य येत. दुसऱ्या महायुद्धात गोव्याच्या मुरगाव बंदरात अडकलेले आणि मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याहून गुप्तपणे आलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या छाप्यात नष्ट झालेले 'एरेनफेल्स' याच कंपनीचे. वाख्टफेल्सवर लपवलेल्या तोफा, पाणतीर आणि चारशेहून अधिक पाणसुरुंग चढवून कप्तान कार्ल आउगुस्ट नेर्गर ३० नोव्हेंबर १९१६ रोजी कीलहून निघाले. एमडनने एक खोटे धुराडे लावले; वुल्फचे सारे अंगच खोटे होते. धुराड्याची उंची कमी-अधिक करता येई, डोलकाठ्याही तशाच. तोफा कठड्याच्या पडत्या फळ्यांआड दडवलेल्या. डेकवर 'वुल्फखन' नावाचे पाण्यावर उतरणारे छोटे विमान सुटे करून ठेवलेले. जवळ जाऊन पाहिले तरी मळकट मालवाहू बोट. कोठल्याही बंदरात न शिरता ४५१ दिवस समुद्रावर राहून ते जहाज २४ फेब्रुवारी १९१८ रोजी कीलला परतले.

फेब्रुवारी १९१७ मध्ये कोलंबोपुढे सुरुंग टाकून वुल्फ उत्तरेला आले, आणि मुंबईच्या वाटेवर अंधारात सुरुंग पेरून निघून गेले. ते कोणी पाहिले नाही. म्हणून त्या रात्रीच्या वुल्फचे, मुंबईच्या बाजूने काढलेले, एकही चित्र असू शकत नाही. चार महिने सुरुंग पाण्याखाली वाट पाहत राहिले. ११ जून १९१७ रोजी 'सिटी ऑफ एक्झिटर' या जहाजाला धक्का बसला. २३ जूनला पी अँड ओ कंपनीचे 'मंगोलिया' हे साडेनऊ हजार टनांचे टपाली जहाज, लंडनहून येत असता, मुंबईच्या दक्षिणेस सुमारे पन्नास मैलांवर सुरुंगावर आदळले आणि काही मिनिटांतच बुडाले. २३ माणसे गेली. पावसाळा सुरू झालेला. जुलैअखेर 'ओखला' त्याच सापळ्यात सापडले. ते सुरुंग ज्याने टाकले, ते जहाज तोवर हजारो मैल दूर, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या समुद्रात हिंडत होते.

आपल्या पूर्वजांनी जहाजे चितारली नाहीत असे कोणी समजू नये. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे कोरलेली आहेत. खालच्या पट्टीत ताफा निघालेला, त्यावर लढाई, सर्वांत वर मेलेल्या वीरांचा स्वर्ग. एकच घटना काळाच्या पायऱ्यांनी दाखवण्याची ही रीत ट्रेसिंग पेपरहून फार जुनी, आणि तिच्यात एक सोय अशी आहे की लढणारा शेवटी कोठे गेला हे शिल्पकार विसरत नाही. वुल्फच्या तक्त्यात वरची पट्टी कोणाची हे ठरवावे लागेल. नेर्गर यांना जर्मनीचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. त्यांचे छायाचित्र सहज सापडते. त्या काळी पी अँड ओच्या जहाजांवर डेकवरचे खलाशी बरेचसे रत्नागिरीकडचे आणि काठेवाडचे, खानसामे व वाढपी बहुतेक गोव्याचे. त्यांची छायाचित्रे सापडत नाहीत. सापडतात ती नावे.

मुंबईला मशीद बंदर भागात इंडियन सेलर्स होमची इमारत आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या आणि समुद्रावाचून दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक तेथे आहे. शाळेची सहल मुंबईला जाईल तेव्हा गेटवे ऑफ इंडियाबरोबर तेही पाहावे. वहीत चित्र काढण्याजोगे तेथे फारसे नाही, नावे मात्र उतरून घेता येतात. तक्त्यावरच्या वुल्फच्या कागदावर जहाज काढू नये. पाण्याची एक रेषा काढावी, आणि कोपऱ्यात लिहावे: मुंबईपुढचा समुद्र, फेब्रुवारी ते जुलै १९१७.